सायन्समध्ये पीएचडी करायचीय? कोल्हापुरातल्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

एमएस्सीचा रिझल्ट लागला की दरवर्षी माझ्या फोनवर हेच प्रश्न येतात, कुणाच्या तरी ताई, कुणाची मावसबहीण, कुणी गडहिंग्लजवरून तर कुणी इस्लामपूरवरून विचारतंय, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. माझी पीएचडी मायक्रोबायोलॉजीतली, माझ्या रूममेटची फिजिक्समधली, त्यामुळं दोन्हीकडचं लिहिता येतंय. नियमांचे आकडे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएचडी रेग्युलेशनमधले आहेत, पण तुम्ही ज्या विद्यापीठात फॉर्म भरणार त्यांचं परिपत्रक जोडीला वाचाच, बारीकसारीक गोष्टी तिथंच असतात.

पीएचडी म्हणजे एमएस्सीचा प्रोजेक्टच जरा मोठा ना?

नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टात उत्तर काय येणार हे सरांना साधारण माहीत असतं, आपण फक्त ते करून दाखवतो. पीएचडीत उत्तर कुणालाच माहीत नसतं, गाईडलाही नसतं, आणि हे पचायला मला जवळजवळ एक वर्ष गेलं. मी उसाच्या रानातल्या मातीतले जिवाणू शोधत होते, मातीत अडकून बसलेला फॉस्फरस पिकाला मोकळा करून देणारे. त्यासाठी पिकोव्हस्काया नावाचं मीडियम, म्हणजे जिवाणू वाढवायचं खाद्य, वापरतात, त्यात न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट असतं म्हणून प्लेट दुधासारखी पांढरट दिसते, आणि जो जिवाणू फॉस्फेट विरघळवतो त्याच्या कॉलनीभोवती काचेसारखं स्वच्छ रिंगण पडतं. पहिल्यांदा ते रिंगण बघितलं तेव्हा मी प्लेट घेऊन अख्ख्या लॅबमध्ये फिरले होते. एमएस्सीला एवढं दाखवलं की भागतं. पीएचडीची सुरुवातच तिथून होते, हा कुठलं ऍसिड सोडतो, किती सोडतो, प्लेटवर एवढा चालतो मग कुंडीतल्या मातीत का गप्प बसतो, आणि कुंडीत चालला तर रानात चालेल का. एकेका प्रश्नाला सहा महिने जातात.

कुणाला करता येते? किती टक्के लागतात?

मास्टर्सला ५५ टक्के, एससी, एसटी, नॉन क्रिमीलेयर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत. चार वर्षांची डिग्री असेल तर ७५ टक्क्यांवर थेट पण येता येतं. एमफिल, पीएचडीच्या आधीची छोटी संशोधनाची डिग्री, आता बंद झालं, त्यामुळं त्याचा विचारच सोडा.

नेट, सेट, पेट, गेट, डोकं फिरलंय, नक्की काय द्यायचं?

सायन्सवाल्यांनी सगळ्यात आधी सीएसआयआर नेट, ही देशपातळीवरची परीक्षा. लाईफ सायन्सेस, फिजिकल, केमिकल, मॅथेमॅटिकल आणि अर्थ (पृथ्वीविज्ञान) असे पाच विषय असतात, त्यातला आपला एक द्यायचा, वर्षातून दोनदा होते, २०० मार्क, तीन तास. पार्ट ए सगळ्यांना सारख्याच धर्तीचा, तर्क आणि साध्या गणिताचा, २० मधले १५ सोडवायचे, आणि आपली पोरं नेमका तोच सोडून देतात, ३० मार्क फुकट घालवतात. लाईफ सायन्सेसला पार्ट सीमध्ये ७५ प्रश्नांतले २५ च सोडवायचे असतात, म्हणजे काय सोडायचं हे कळणं हीच अर्धी तयारी आहे. निगेटिव्ह मार्किंग आहे, अंदाजपंचे गोळे मारू नका.

निकालात आता तीन गट येतात. पहिला जेआरएफचा, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपचा, त्यात पैसे मिळतात. दुसरा असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश. तिसरा फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटात नेटच्या स्कोअरला ७० टक्के आणि इंटरव्ह्यूला ३० टक्के वजन धरतात आणि तो स्कोअर वर्षभरच चालतो, हे लक्षात न ठेवल्यामुळं माझ्या ओळखीच्या दोघांचा चान्स गेलाय.

सेट ही राज्याची परीक्षा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, ती लेक्चररशिपच्या पात्रतेसाठी, त्यात फेलोशिप नाही. पेट म्हणजे विद्यापीठाची स्वतःची एन्ट्रन्स, त्यात निम्मे प्रश्न रिसर्च मेथडॉलॉजीचे, म्हणजे संशोधन कसं करायचं याचे, आणि निम्मे विषयाचे. बायोटेकवाल्यांनी डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, बेट परीक्षा पण बघावी. गेट, इंजिनिअरिंग-सायन्सची देशपातळीवरची परीक्षा, दिलेली असेल तर बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडते.

पैसे किती मिळतात? घरून पैसे मागायची लाज वाटते आता.

हा प्रश्न सगळ्यात शेवटी, आवाज बारीक करून विचारतात, आणि खरं तर तो पहिला असायला पाहिजे. २३-२४ व्या वर्षी बरोबरीची पोरं एमआयडीसीत, पुण्यात नोकरीला लागलेली असतात आणि आपण लॅबमध्ये, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही पण हिशोब मांडल्याशिवाय उतरू नका.

जेआरएफ असेल तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडे भत्ता, दोन वर्षांनी काम तपासून एसआरएफ, म्हणजे सीनियर रिसर्च फेलोशिप, होते, मग ४२,०००. सगळं मिळून पाच वर्षं. सीएसआयआरमध्ये वर्षाला २०,००० कंटिन्जन्सी वेगळी, ती केमिकल आणि इतर खर्चासाठी. एमएस्सीला विद्यापीठात पहिले आला असाल तर डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची, इन्स्पायर फेलोशिप बघा. राज्याच्या संस्थांच्या पण आहेत, अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. सारथीचं उपकेंद्र आपल्या कोल्हापुरातच आहे, तिथं जाऊन समोरासमोर विचारा, फोनवर अर्धवट कळतं. तिसरा रस्ता म्हणजे गाईडच्या प्रोजेक्टमध्ये प्रोजेक्ट फेलो म्हणून लागणं, पण प्रोजेक्ट तीन वर्षांचा असतो आणि पीएचडी पाचची, मधल्या काळाचं काय हे आधीच विचारा.

आणि फेलोशिप दर महिन्याला पगारासारखी येईल असं धरून चालू नका. कागद कुठंतरी अडकतो, माझे एकदा सलग सात महिने पैसे आले नव्हते. नंतर एकदम मिळाले, पण ते सात महिने खोलीचं भाडं आणि मेस कुणी द्यायची? सुरुवातीला मिळालेल्या पैशातून चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवा, गाडी नंतर घ्या. ज्यांच्याकडं यातलं काहीच नाही, ना जेआरएफ ना प्रोजेक्ट, त्यांना मी सरळ सांगते, अजून एक वर्ष नेटचा अभ्यास करा आणि मग या. उपाशीपोटी लॅबमध्ये बारा तास उभं राहता येत नाही.

आधी विषय ठरवू का गाईड?

गाईड. गाईड आणि लॅब. विषय नंतर. इथं वाटेल तेवढं लिहीन, कारण पीएचडी अर्धवट सोडलेली जेवढी माणसं मी जवळून बघितली त्यातला एकही जण विषय अवघड होता म्हणून सुटला नाही.

पहिलं, जागा आहे का बघा. प्रोफेसरकडं एका वेळी ८, असोसिएटकडं ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडं ४ च विद्यार्थी घेता येतात, आणि ज्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. नाव कितीही मोठं असो, जागा नसेल तर नमस्कार करून पुढं.

दुसरं, शोधगंगा उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं चालवलेलं ते थिसिसचं भांडार आहे, फुकट आहे. तिथं त्या गाईडचं नाव टाकून त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे थिसिस काढा. बऱ्याच नोंदींत रजिस्ट्रेशन कधी झालं आणि पूर्ण कधी झालं हे असतं. चार-पाच विद्यार्थ्यांच्या तारखा मांडल्या की त्या लॅबमध्ये किती वर्षं लागतात हे तुम्हाला कुणी न सांगता कळतं. पानं पण चाळा, सगळे थिसिस एकाच साच्यातले आणि नुसतं मटेरियलचं नाव बदललेलं असेल तर तिथं तुम्ही नवीन काय शिकणार?

तिसरं, आणि हे कुणी करत नाही, सरांना भेटायच्या आधी त्यांच्या स्कॉलरना भेटा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्यांना, शेवटच्या वर्षातले फार घाईत असतात. चहाला बाहेर न्या आणि विचारा, सर आपण लिहिलेला मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात? पेपरवर, म्हणजे छापून येणाऱ्या शोधनिबंधावर, पहिलं नाव कुणाचं लागतं? लॅबची वस्तू संपली तर कोण भरतं? सुट्टी मागितली तर काय होतं? पोरं उघड वाईट बोलणार नाहीत, पण उत्तर द्यायच्या आधी थांबतात किती ते बघा.

माझ्या मॅडम कडक होत्या. लाल पेनानं अख्खं पान रंगवून द्यायच्या, पण सोमवारी दिलेलं प्रकरण गुरुवारी हातात असायचं, आणि त्या लाल शाईतूनच मी लिहायला शिकले. गोड बोलून दोन-दोन महिने पान न उलटणाऱ्या गाईडपेक्षा हे कधीही चांगलं.

विषय मग कसा सापडतो?

आजूबाजूला बघून आणि पेपर वाचून, दोन्ही लागतं. आपल्याकडं एका बाजूला पश्चिम घाट आहे, राधानगरी, आंबोली, मसाई पठार, पावसाळ्यात बॉटनीवाल्यांना दिवस पुरत नाही. दुसऱ्या बाजूला ऊस, गूळ, साखर कारखाने, पंचगंगेचं पाणी. माझ्या रूममेटच्या ग्रुपमधला एक जण उसाचं चिपाड जाळून त्यातून बनवलेला कार्बन सुपरकॅपॅसिटरसाठी, म्हणजे वीज साठवायच्या उपकरणासाठी, वापरत होता, कारखान्यावरून पोतं भरून चिपाड आणायचा. पण नुसतं इथलं आहे म्हणून विषय चांगला होत नाही, त्यात असा प्रश्न पाहिजे ज्याचं उत्तर दुसऱ्या देशातल्या माणसालाही वाचावंसं वाटेल. अभयारण्यातून नमुने गोळा करणार असाल तर वनखात्याची परवानगी लागते, ती यायला महिने जातात आणि तोवर फुलांचा हंगाम संपतो, म्हणून अर्ज एक वर्ष आधी. उंदरांवर काम असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय एकही प्रयोग नाही.

बायोलॉजी आणि फिजिक्स-केमिस्ट्रीत फरक काय पडतो?

बायोलॉजीत जिवंत गोष्ट तुमची वाट बघत नाही. कल्चर रविवारी सोळाव्या तासाला रीडिंगला आलं की रविवारी सोळाव्या तासालाच जायचं, मग घरी लग्न असो नाहीतर जोतिबाची यात्रा. फिजिक्समध्ये रूममेटचा सॅम्पल ड्रॉवरमध्ये आठवडाभर गप्प पडून राहायचा, पण तिचा जीव मशीनच्या नंबरात अडकायचा. ती केमिकल बाथनं काचेच्या पट्टीवर थिन फिल्म, म्हणजे पदार्थाचा एकदम पातळ थर, बनवायची, रात्री भट्टी ४५० अंशाला लावून सकाळी बघायची तर फिल्मचा पोपडा सुटलेला असायचा. परत पट्टी घासून धुवायची, परत बुडवायची. फिल्म जमली की एक्सआरडी, एसईएम, म्हणजे तिची रचना तपासायची मोठी मशीन, त्यासाठी नंबर लावायचा आणि मशीन बंद पडलं की नंबर मागं. शिवाजी विद्यापीठात सीएफसी, म्हणजे कॉमन फॅसिलिटी सेंटर, आहे, तिथं बरीच मोठी उपकरणं एका जागी मिळतात, बाहेरच्या कॉलेजच्या पोरांनी पण पैसे भरून सॅम्पल द्यावेत, प्रत्येक वेळी मुंबई-पुण्याला धावायची गरज नाही.

रोजचा दिवस कसा जातो?

निम्मा वेळ धुण्यात आणि वाट बघण्यात. ऑटोक्लेव्ह, म्हणजे निर्जंतुक करायचा मोठा कुकर, १२१ अंशाला, १५ पौंड प्रेशरला, वीस मिनिटं, पण गरम व्हायला आणि थंड व्हायला धरून दीड तास. मग मीडियम ओतणं, मग इनॉक्युलेशन, म्हणजे त्यात जिवाणू सोडणं, मग उद्या बघू.

एक प्रसंग सांगते, तिसऱ्या वर्षातला. शनिवारी रात्री वीज गेली, जोडून सुट्ट्या होत्या, आणि सोमवारी गेले तर उणे वीसच्या फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं. आत माझे सगळे ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे गोठवून जपलेले नमुने, दोन वर्षांत पन्नासएक शेतांतून आणलेल्या मातीतून वेगळे केलेले जिवाणू, कोमट. मी तिथंच फरशीवर बसले. पुढचे तीन आठवडे एकेक ट्यूब प्लेटवर ओढून बघितली, बॅसिलस बहुतेक सगळे परत आले कारण ते बीजाणू करून टिकून राहतात, बाकीच्यातले निम्म्याहून जास्त गेले किंवा त्यात दुसरंच काहीतरी वाढलं. वर्ष लांबलं माझं. त्या दिवसापासून प्रत्येक स्टॉकच्या दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींतल्या फ्रीजरमध्ये, आणि जे स्ट्रेन, म्हणजे जिवाणूंचे वाण, महत्त्वाचे ते पुण्याच्या एनसीएमआरमध्ये, सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे तो. फिजिक्सवाल्यांनी हेच डेटाबद्दल करावं, एका पेनड्राईव्हवर पीएचडी ठेवू नका. आणि लॅबची वही त्याच दिवशी लिहा, पेनानं, तारीख घालून. फसलेला प्रयोग पण लिहा, नंतर तोच कामाला येतो.

एकूण किती वर्षं लागतात?

कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा, त्यावर री-रजिस्ट्रेशन करून दोन वाढवून मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असणाऱ्यांना आणखी दोन. पहिल्याच टप्प्यात किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, म्हणजे वर्गातला अभ्यासक्रम, होतं आणि त्यात ५५ टक्के पडावे लागतात. सायन्समध्ये तीन वर्षांत संपलेलं मी बघितलेलं नाही, पाच धरा. दर सेमिस्टरला विद्यापीठानं नेमलेल्या रिसर्च कमिटीपुढं प्रगती मांडायची असते, ती प्रेझेंटेशन मनापासून करा, चूक तिथंच कुणीतरी दाखवली तर बरं.

पेपर सक्तीचा आहे का? एकजण म्हणाला पैसे भरले की आठवड्यात छापून देतात.

२०२२ च्या नियमात यूजीसीनं पेपरची सक्ती काढली, पण पेपर नसेल तर पुढं पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेला, कुणी विचारत नाही, त्यामुळं दोन तरी चांगले काढाच. आणि आठवड्यात छापून देणाऱ्यांच्या नादाला लागू नका, हात जोडून सांगते. खऱ्या जर्नलमध्ये दोघं-तिघं तज्ज्ञ वाचतात, प्रश्न विचारतात, त्याला महिने लागतात. यूजीसी केअर ही चांगल्या जर्नलची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळं आता जर्नल चांगलं का वाईट हे तुम्हालाच ओळखायचंय. तुम्ही स्वतः ज्या जर्नलमधले पेपर वाचून काम केलं त्यातच पाठवा, यापेक्षा सोपी खूण नाही. चांगल्या जर्नलच्या नावाची नक्कल केलेल्या बनावट वेबसाईट पण असतात, पत्ता नीट बघा. माझा पहिला पेपर तीनदा रिजेक्ट झाला. तिसऱ्या वेळी एका रिव्ह्यूअरनं दोन पानं लिहून कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला नमुना, कसा चुकलाय ते समजावून सांगितलं होतं, ओळख ना देख, आणि त्यामुळंच चौथ्यांदा तो लागला.

इंग्लिश कच्चं आहे, मराठी मीडियमची आहे, जमेल का?

जमतं. मी बारावीपर्यंत मराठीतूनच शिकले, अकरावी-बारावीला फक्त पुस्तकं इंग्लिश होती, सर शिकवायचे मराठीतच. पहिल्या वर्षी एक पेपर वाचायला चार दिवस लागायचे, शब्दाशब्दाला अडखळायचे. मग रोज एकच पेपर आणि त्याचं मराठीत अर्ध्या पानाचं टिपण, असं वर्षभर केलं. मराठीत लिहिता आलं नाही म्हणजे कळलेलंच नाही, हे लगेच सापडतं. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा, केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याकडं पीएचडी केली आणि आयुष्यभर मराठीतून विज्ञान लिहिलं. तेव्हा मराठीत विचार करणं कमीपणाचं आहे असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. इंग्लिश मेहनतीनं येतं, सायन्सच्या इंग्लिशमध्ये तर शब्द पण ठरलेलेच असतात.

कोल्हापुरात करू का बाहेर जाऊ?

जमत असेल तर बाहेरचे इंटरव्ह्यू द्याच, पुण्याच्या आयसर, एनसीएल, एनसीसीएस आणि बेंगळुरूची आयआयएससी या मोठ्या संशोधन संस्था. तिथं उपकरणं आणि माणसं दोन्ही जास्त. पण नाही मिळालं म्हणून इथलं काम दुय्यम असं समजू नका, थिन फिल्म आणि घाटातल्या वनस्पती या दोन्हीत इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. घरची जबाबदारी असेल तर घराजवळ राहून मन शांत असणं पण मोठी गोष्ट आहे.

मुलगी आहे, घरचे लग्नाचं बघतायत. काय सांगू?

माझी आई दर रविवारी फोनवर म्हणायची, "अजून किती शिकायलीस गं? कवा संपायचं हे?" ती चिडून नाही म्हणायची, शेजारीपाजारी विचारायचे आणि तिच्याकडं उत्तर नसायचं. शेवटी मी तिला एकदा लॅबमध्येच आणलं. मायक्रोस्कोपखाली आमच्याच रानातल्या मातीतले जिवाणू दाखवले, तिनं दोन मिनिटं डोळा काढला नाही. पुढच्या वेळी शेजारच्या काकूंना तिनंच समजावून सांगितलं, माती तपासते म्हणून. घरच्यांना तुमचं काम दाखवा, नुसतं डिग्रीचं नाव सांगून त्यांना काय कळणार?

लग्न झालं तरी पीएचडी सुटत नाही. अख्ख्या काळात २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा मिळते, हा हक्क आहे, उपकार नाही, मागताना अवघडून जाऊ नका. सासरच्यांना लग्नाआधी स्पष्ट सांगा की रात्री-बेरात्री लॅबला जावं लागतं. "नंतर बघू" म्हणाले तर ते उत्तर नीट ऐका.

कॉलेजवर नोकरी करून पार्टटाईम होते का?

होते, कॉलेजचं ना-हरकत पत्र लागतं. पण सायन्समध्ये प्रयोग रात्री आणि सुट्टीत करावे लागतात, तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजं फिरणाऱ्यांचे फार हाल होतात. तुमची लॅब आणि कॉलेज एकाच गावात असेल तरच विचार करा.

गाईडशी पटेनासं झालं तर?

आधी समोर बसून बोला, लेखी मुद्दे घेऊन. नाही जमलं तर कमिटीपुढं ठेवा, मग विभागप्रमुख. गाईड बदलता येतो, पहिल्या-दुसऱ्या वर्षात बदललेला बरा, पाचव्यात सगळंच अवघड होतं. आणि झोप उडाली, जेवण जाईना असं झालं तर डॉक्टरकडं जा, हे पण दुखणंच आहे.

थिसिस, प्लॅजरिझम, व्हायवा?

प्लॅजरिझम म्हणजे दुसऱ्याचं लिखाण उचलणं, त्यात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर परत देता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर हा आकडा बघायची वेळच येत नाही. लिहायला तिसऱ्या वर्षापासून घ्या, मटेरियल्स अँड मेथड्स तर रोजच्या वहीतून जवळजवळ तयारच असतं. थिसिस किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडं जातो. व्हायवात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, मला पहिला प्रश्न आला होता की हीच गावं का निवडली, त्यावर मी वीस मिनिटं बोलले. ज्यानं स्वतः काम केलंय त्याला व्हायवाची भीती नाही.

झाल्यावर नोकरी?

असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची करणार होते, ते जुलै २०२३ मध्ये यूजीसीनं मागं घेऊन नेट-सेट ही किमान पात्रता ठेवली, म्हणून पीएचडी चालू असतानाच सेट नाहीतर नेट काढून ठेवा. अनुदानित जागा कमी निघतात आणि तोवर बरेच जण तासिकेवर झिजतात, हे डोळ्यासमोर ठेवा. त्याशिवाय पोस्टडॉक आहे, औषध कंपन्या आहेत, खतं-बियाण्याच्या कंपन्या, तपासणीच्या लॅब, पेटंटची कामं. मी स्वतः जैविक खतांच्या कामात आहे, त्या फ्रीजरमधून वाचलेल्या बॅसिलसनंच मला इथवर आणलं.

लॅब बघायला यायचं असेल तर कधी येऊ?

दुपारी साडेतीन-चारला या. सकाळी सगळे कामात असतात, चारला चहासाठी बाहेर पडतात, तेव्हा निवांत बोलतील. आधी डिपार्टमेंटच्या ऑफिसमध्ये विचारून घ्या, येताना वही आणा, आणि ज्यांच्याकडं जाणार त्यांचा एक तरी पेपर वाचून या, अर्धा कळला नसेल तरी चालेल, जिथं कळलं नाही तिथं खूण करून आणा.